70 ची पट्टी पुसट, 50 ची ठसठशीत : बेस-वनच्या ब्लॉटमध्ये दर उन्हाळ्यात होणारी गडबड

तक्रार आधी नेमकी सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते कळेल. बेस-वन हे मेंदूतलं एक एन्झाइम. ब्लॉट म्हणजे नमुन्यातली प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची (हा ट्रान्सफर) आणि हवं ते प्रथिन अँटीबॉडीनं पट्टीच्या रूपात पाहायचं.

रॅटच्या मेंदूचं होमोजिनेट (वाटून केलेला लगदा), दहा टक्क्यांचं जेल, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, माऊसमध्ये बनवलेली, बेस-वनला चिकटणारी मोनोक्लोनल अँटीबॉडी (प्रायमरी) आणि तिला पकडणारी, एचआरपी हे चमक उमटवणारं एन्झाइम जोडलेली अँटी-माऊस सेकंडरी. डिसेंबर-जानेवारीत ब्लॉट केला की 70 किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) एक रुंद, कडा विस्कटलेली पट्टी येते आणि खाली 50 ला दुसरी, बारीक पण रेखीव. मार्च उलटला की 70 ची पट्टी उतरायला लागते. मे महिन्यात तर फिल्म खिडकीला धरून ती शोधावी लागते. 50 ची पट्टी मात्र जागची हलत नाही, उलट काही लेनमध्ये (एकेका नमुन्याच्या उभ्या रांगेत) डोळ्यात भरेल इतकी काळी होते.

आमचं कॉलेज जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. फार्मसीचं आहे. बाहेर 44 अंश असतं तेव्हा आमच्या लॅबमध्ये कूलर असतो, म्हणजे आत 36 आणि वर दमटपणा. इतकं सांगितल्यावर कुणीही म्हणेल की अँटीबॉडी उन्हानं मेली. आम्हीही तेच म्हणालो. दोन उन्हाळे म्हणालो आणि दोन नव्या बाटल्या मागवल्या. शंभर मायक्रोलिटरची एक बाटली म्हणजे आमच्या विभागाच्या वर्षाच्या केमिकल्सच्या बजेटचा लचका. नव्या बाटलीनंही मे महिन्यात तेच रडगाणं गायलं, तेव्हा कुठे बाटलीवरची नजर हटली.

50 वर विश्वास का बसला

बेस-वन म्हणजे बीटा-सिक्रिटेज. चेतापेशींच्या आवरणात एपीपी नावाचं लांबलचक प्रथिन असतं. त्याला पहिला काप बेस-वन देतं, दुसरा गॅमा-सिक्रिटेज, आणि मधून जो तुकडा सुटतो तो अमायलॉइड-बीटा, अल्झायमरच्या मेंदूत ज्याच्या गाठी साचतात तो. 1999 मध्ये जगातल्या काही गटांनी हे एन्झाइम जवळजवळ एकाच वेळी शोधून काढलं. 2001 मध्ये ज्यांच्यात या एन्झाइमचं जनुकच नाही असे माऊस तयार झाले आणि त्यांच्या मेंदूत अमायलॉइड-बीटा तयारच होत नाही असं दिसलं. 2002 पासून अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत बेस-वन वाढलेलं असतं असे अहवाल येऊ लागले. मग ते अडवणारी औषधं आली, मोठ्या चाचण्या झाल्या, आणि बुद्धीवर फायदा होईना, उलट काही ठिकाणी नुकसान दिसलं म्हणून त्या थांबल्या. त्यातल्या व्हेरुबेसेस्टॅटची सौम्य ते मध्यम आजाराच्या रुग्णांवरची चाचणी 2017 मध्ये आणि त्याआधीच्या टप्प्यातल्या रुग्णांवरची 2018 मध्ये बंद झाली. औषध मागे पडलं तरी एन्झाइम मोजायची हौस काही गेली नाही. वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या कॉलेजांत तर ती वाढलीच.

आता वजनाचं गणित. बेस-वन 501 अमिनो आम्लांचं. कोरं, म्हणजे साखळीपुरतं वजन 56 किलोडाल्टनच्या आसपास. पेशीत बनता बनता त्याचं टोक कापलं जातं आणि अंगावर चार ठिकाणी साखरेच्या साखळ्या चढतात. म्हणून पिकलेलं बेस-वन जेलवर 70 ला दिसतं, आणि साखरेचं प्रमाण प्रत्येक रेणूत सारखं नसल्यामुळे पट्टी रुंद आणि विस्कटलेली येते. साखर पूर्ण काढली तर ते 50 ते 55 च्या दरम्यान उतरतं.

इथेच पाय घसरला. 50 ला पट्टी आहे, साखर काढलेलं बेस-वनही तिथेच येतं, मग ही बिनसाखरेचीच पट्टी असणार. कुणी विचारलं की आम्ही हेच उत्तर द्यायचो आणि समोरचाही मान डोलवायचा. खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. पेशीतल्या बेस-वनचा मोठा हिस्सा साखरेविना असाच पडून राहील हे मुळात पटण्यासारखं नाही, कारण साखर चढण्याची सुरुवात प्रथिन बनत असतानाच होते. आणि जे दोन प्रकार खरोखर दिसू शकतात, कच्चं आणि पिकलेलं, ते दोन्ही 60 च्या वरच असतात. पण उत्तर सोयीचं होतं.

जळगावच्या बाजारात हिवाळ्यात भरताची वांगी येतात. हिरवी, पांढरट रेघांची, एकेक अर्ध्या किलोच्या वरचं. काट्यावर तेवढंच भरणारं दुसरं वांगंही त्याच ढिगात सरकवलेलं असतं, आणि ते घरी नेऊन भाजल्यावरच कळतं. जेलही वजनाचा काटाच आहे. 50 ला काय भरलं इतकंच तो सांगतो.

सुरेख ग्राफ

आमची एक विद्यार्थिनी पीएचडीसाठी शेवग्याच्या पानांचा अर्क तपासत होती. नेहमीचा आराखडा: चोवीस विस्टार रॅट, सहाचे चार गट. कंट्रोल, शॅम (शस्त्रक्रिया तीच, पण रसायन नाही), अर्क अधिक स्ट्रेप्टोझोटोसिन (अल्झायमरसारखा आजार घडवणारं रसायन), आणि नुसतं स्ट्रेप्टोझोटोसिन, म्हणजे आजारी गट. स्ट्रेप्टोझोटोसिन किलोमागे 3 मिलिग्रॅम, थेट मेंदूच्या पोकळीत. 70 ची पट्टी मोजण्यासारखी नव्हतीच, म्हणून तिनं 50 ची मोजली. आणि ग्राफ असा आला की पुस्तकात छापावा. कंट्रोल आणि शॅम खाली, आजारी गट सगळ्यात वर, अर्क दिलेला गट बरोबर मध्ये.

मी खूश झालो हे कबूल करतो. पेढे आणले नाहीत इतकंच.

शंका आली ती वेगळ्याच कारणानं. ती प्रबंधात घालायला फोनमधले जुने फोटो चाळत होती. त्यात मे महिन्यातल्या त्या दिवशीचा एक फोटो होता, बर्फात खोचलेल्या चोवीस नळ्यांचा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढून घेतल्यावरचा. प्राणीगृहातले आमचे आप्पा तिथेच उभे होते. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, तीस वर्षं प्राणी सांभाळतायत. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "सर, हाऊ रगतना रंग शे ना."

पहिल्या दोन रांगा ताकाच्या निवळीसारख्या. तिसरी किंचित गुलाबी. चौथी रांग रूह अफजा टाकल्यासारखी.

मग त्या दिवसाची वही काढली. मेंदू काढण्याआधी आम्ही हृदयातून थंड सलाईन सोडून रक्त धुऊन काढतो. पंप नाही, भिंतीला खिळा मारून सलाईनची बाटली टांगतो, दवाखान्यातल्या आयव्ही सेटनं. त्या दिवशी कंट्रोल आणि शॅमचे बारा प्राणी व्यवस्थित धुतले गेले. अर्काच्या गटाला येईपर्यंत सलाईन संपत आलं होतं, म्हणून प्रत्येकाला शंभर मिलिलिटरच दिलं. शेवटच्या सहांना काहीच नाही. "वेळ नाही, ताजा मेंदू घ्यावा" अशी नोंद होती. अक्षर माझं होतं.

50 ला कोण बसलं होतं

रक्तात आयजीजी, म्हणजे शरीराची स्वतःची अँटीबॉडी, असते, मिलिलिटरमागे कित्येक मिलिग्रॅम. नमुना बीटा-मरकॅप्टो-इथेनॉल (प्रथिनातले डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालून उकळला की आयजीजीचा 150 किलोडाल्टनचा रेणू सुटा होतो. जड साखळी 50, हलकी साखळी 25. मेंदूत रक्त उरलं असेल तर होमोजिनेटमध्ये रॅटची आयजीजी असणारच, आणि तिची जड साखळी जेलवर नेमकी 50 ला बसणार.

पण अँटी-माऊस सेकंडरी रॅटची आयजीजी का पकडेल? मराठीत आपण माऊसलाही उंदीर म्हणतो आणि रॅटलाही उंदीरच. सेकंडरीचंही तसंच आहे. माऊस आणि रॅट इतके जवळचे की एकाच्या आयजीजीविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी दुसऱ्याची आयजीजीही बऱ्यापैकी ओळखते. उत्पादकानं ती रॅटच्या सिरमवर मुद्दाम गाळून घेतली असेल तरच हा गोंधळ टळतो, आणि तसं असेल तर बाटलीबरोबरच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. आमच्या कागदावर नव्हतं. तो कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बाटलीचा तळ दिसत होता.

थोडक्यात, आम्ही मोजत होतो ते धुवायचं राहिलेलं रक्त. सगळ्यात शेवटी कापलेल्या गटात ते सगळ्यात जास्त, म्हणून आजारी गट वर. अर्धवट धुतलेला गट मध्ये. शेवग्याचा त्यात काही हात नव्हता.

दुसरीही एक बाजू आहे, ती जास्त फसवी. सगळ्या प्राण्यांना सारखंच धुतलं तरी आजारी गटात 50 ची पट्टी थोडी जास्त येऊ शकते. मेंदूत सुई खुपसली, वरून विषारी रसायन सोडलं की रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर तिथे गळका होतो आणि आयजीजी रक्तवाहिनीच्या बाहेर, मेंदूच्या उतीत झिरपते. ती सलाईननं धुतली जात नाही. त्यामुळे "आम्ही तर नीट धुतो" एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

खातरजमा: तीन तपासण्या, पहिली फुकट

मेम्ब्रेनची एक लेन कात्रीनं वेगळी कापा. सगळं इतर लेनसारखंच करा, फक्त प्रायमरी अँटीबॉडी घालू नका. ब्लॉकिंग (मेम्ब्रेनची रिकामी जागा झाकणं), सेकंडरी, ईसीएल (एचआरपीमुळे चमकणारं द्रावण). 50 ला पट्टी आली तर प्रश्न मिटला. तिचा बेस-वनशी संबंध नाही. आमची आली, तीही इतकी काळी की पहिल्यांदा वाटलं चुकून प्रायमरी पडली. ही लेन कापायला दोन मिनिटं लागतात आणि आम्ही दोन वर्षं कापली नव्हती, यावर अजून काय बोलणार.

दुसरी तपासणी बीटा-मरकॅप्टो-इथेनॉल न घालता. तोच नमुना एका लेनमध्ये रिड्यूस करून (म्हणजे ते घालून), दुसऱ्यात तसाच. आयजीजी असेल तर 50 ची पट्टी नाहीशी होते आणि 150 च्या आसपास वर जाऊन बसते. बेस-वनच्या आत तीन डायसल्फाइड बंध आहेत, पण ते त्याच्या त्याच्यातच आहेत, दुसऱ्या साखळीशी नाहीत. त्यामुळे ते तुटले नाहीत तरी बेस-वन 150 ला पळत नाही, फार तर थोडं सरकतं. एक काळजी घ्या: या दोन लेनच्या मध्ये निदान दोन लेन रिकाम्या सोडा. बीटा-मरकॅप्टो-इथेनॉल जेलमधून शेजारी पसरतं आणि मग दोन्ही लेन सारख्याच दिसतात. आमच्या पहिल्या प्रयत्नात हेच झालं आणि एक अख्खा दिवस "म्हणजे आयजीजी नाहीच" अशा आनंदात गेला.

तिसरी तपासणी पीएनगेझ-एफची. हे एन्झाइम साखरेच्या साखळ्या काढून टाकतं. बहुतेक लोक पहिल्यांदा हीच करतात, आणि आमच्यासारख्या परिस्थितीत हीच फसवते. 70 ची पट्टी खरी असेल तर ती 50-55 ला उतरते, म्हणजे जिथे आयजीजी आधीच ठाण मांडून बसली आहे तिथेच. पाहणारा म्हणतो, बघा, 70 गेली आणि 50 गडद झाली, म्हणजे 50 ची पट्टी बिनसाखरेचं बेस-वनच होती. आयजीजीच्या जड साखळीवरही साखर असते, पण एकाच जागी, म्हणून तिचा फरक दोन-तीन किलोडाल्टनचा, सहज नजरेतून सुटणारा. तेव्हा पीएनगेझ-एफ करायचीच असेल तर आधी पहिल्या दोन तपासण्या उरका आणि 50 ची जागा मोकळी करून घ्या.

या तिघींपलीकडे एक चौथी तपासणी आहे, जगात सगळ्यात चांगली मानतात ती: बेस-वन नसलेल्या नॉकआउट माऊसचा मेंदू शेजारच्या लेनमध्ये. बाजारात मिळणाऱ्या काही अँटीबॉडी त्या मेंदूतही पट्टी देतात, म्हणूनच ही कसोटी इतकी मोलाची. खान्देशात तो मेंदू मिळणं अवघड. ओळखीच्या मोठ्या लॅबकडून दहा-वीस मायक्रोग्रॅम होमोजिनेट मागून घेता आलं तर जरूर घ्या, द्यायला कुणी सहसा नाही म्हणत नाही.

मग 70 ची पट्टी उन्हाळ्यातच का जाते

हे कोडं वेगळं निघालं, आणि त्याचंही अँटीबॉडीशी काही देणंघेणं नव्हतं.

हिवाळ्यात आम्ही ट्रान्सफर दिवसा करायचो. 100 व्होल्ट, एक तास, टाकीत बर्फाची पिशवी. उन्हाळ्यात ती पिशवी वीस मिनिटांत वितळते, बफर तापतं, करंट चढतो, जेल आणि मेम्ब्रेनच्या मध्ये बुडबुडे धरतात. म्हणून एप्रिलपासून आम्ही रात्रीचा ट्रान्सफर सुरू केला होता. टाकी फ्रिजमध्ये, 30 व्होल्ट, रात्रभर. पुस्तकी सल्ला म्हणून अगदी बरोबर.

पण उन्हाळ्यात आमच्याकडे रात्री वीज जाते. कधी अकराला, कधी दोनला. परत येते, फ्रिज सुरू होतो, दिवे लागतात. आमचा पॉवर पॅक मात्र आपोआप सुरू होत नाही, शून्यावर थांबून राहतो. सकाळी आठला जाणारा माणूस बघतो तो शून्य, आणि "वेळ संपली असेल" असं समजून टाकी काढतो. म्हणजे कधी तीन तास ट्रान्सफर झाला, कधी पाच. हलकी प्रथिनं जेलमधून आधी निघतात, जड मागे राहतात. 50 आणि त्याखालचं मेम्ब्रेनवर पोचलं, 70 चं निम्मं जेलमध्येच. डिसेंबरात दिवसा, विजेचा भरवसा असताना केलेला ट्रान्सफर पूर्ण व्हायचा, म्हणून 70 दिसायची.

हे कळलं ट्रान्सफर झालेलं जेल टाकून न देता कूमासीत (प्रथिनांना चढणाऱ्या निळ्या रंगात) बुडवलं तेव्हा. वरचा अर्धा भाग निळाशार, खालचा जवळजवळ कोरा. तेव्हापासून दोन सवयी लावल्या. मेम्ब्रेनला ब्लॉकिंगच्या आधी पॉन्सो-एसचा लाल रंग देऊन फोटो, आणि जेलला कूमासी. मेम्ब्रेनवर 100 पासून 25 पर्यंत लाल रेघा सारख्या उतरलेल्या दिसल्या नाहीत तर पुढे अँटीबॉडी खर्च करायचीच नाही.

वीज जाण्यावर साधा उपाय म्हणजे पॉवर पॅकपुरता छोटा यूपीएस. 30 व्होल्टला टाकी फार करंट ओढत नाही, संगणकाचा जुना यूपीएससुद्धा अर्धा-पाऊण तास तग धरतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली तर काय, म्हणून पॉवर पॅकसमोर मोबाईल ठेवून टाइम-लॅप्स लावतो. कितीला बंद पडलं ते सकाळी कळतं आणि उरलेले तास दिवसा पूर्ण करता येतात. दिवसाच करायचं असेल तर बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून, फोडून, टाकी अख्खी थर्माकोलच्या पेटीत बर्फात पुरून ठेवा. आतल्या छोट्या पिशवीवर मे महिन्यात भिस्त ठेवू नका.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. अर्धवट ट्रान्सफरनं खरी पट्टी गेली. न धुतलेल्या रक्तानं खोटी पट्टी ठळक झाली. दोन्ही एकाच मोसमात, त्यामुळे आम्ही उरलेल्या एकमेव पट्टीला बेस-वन म्हणून मोकळे झालो. यातली एकच चूक झाली असती तर कदाचित आधी लक्षात आलं असतं.

आता आम्ही काय करतो

सगळ्यात मोठा बदल म्हणजे रॅटच्या नमुन्यांवर माऊसची प्रायमरी वापरणं बंद. सशात बनवलेली बेस-वनची अँटीबॉडी घेतली, आणि सेकंडरी अँटी-रॅबिट, रॅटच्या सिरमवर गाळलेली. 50 ची पट्टी त्याच दिवशी गेली.

ज्यांच्याकडे माऊसचीच बाटली शिल्लक आहे त्यांनी ती फेकू नये. रॅटच्या आयजीजीवर गाळलेली अँटी-माऊस सेकंडरी मिळते, ती घ्या. किंवा फक्त हलकी साखळी ओळखणारी सेकंडरी घ्या, मग रक्ताची पट्टी 50 ऐवजी 25 ला जाते, जिथे आपलं काही काम नाही. तेही जमत नसेल तर होमोजिनेट आधी प्रोटीन-जीच्या मण्यांबरोबर तासभर फिरवून त्यातली आयजीजी काढून टाका. प्रोटीन-ए नको, रॅटची आयजीजी त्याला नीट चिकटत नाही.

लोडिंग कंट्रोलचंही बघा, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये किती माल पडला ते ठरवायला ज्या प्रथिनानं भागतात त्याचं. ट्युब्युलिनची माऊस अँटीबॉडी वापरत असाल तर ट्युब्युलिनही 50-55 ला येतं, म्हणजे रक्त तिथेही मिसळलेलं असणार आणि ज्यानं भागायचं तेच वाढलेलं. आम्ही पॉन्सोच्या पूर्ण लेनवरूनच भागतो.

धुण्याबद्दल: बाटली प्राण्यापासून साधारण सव्वा मीटर उंच टांगा, सलाईन बर्फगार आणि त्यात हेपरिन. सुई डाव्या कप्प्यात, उजव्या कर्णिकेला छेद. प्रौढ रॅटला दोनशे ते तीनशे मिलिलिटर लागतं, पण मिलिलिटर मोजत बसण्यापेक्षा यकृताकडे बघा. ते गडद तपकिरी असतं ते धुता धुता फिकं, भिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाचं झालं आणि बाहेर पडणारं पाणी स्वच्छ झालं की थांबा. आप्पा यकृताचा रंग बघून "झायं" म्हणतात, त्यानंतर मी सेकंदही मोजत नाही.

आणि क्रम. आधी कंट्रोल, शेवटी आजारी, असा गटवार क्रम सोडा. चोवीस चिठ्ठ्या करून डब्यात टाका आणि निघेल त्या नंबरचा प्राणी घ्या. सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात सारखा नसतो, सलाईन संपतं, बर्फ वितळतो, आणि ते सगळं एकाच गटाच्या माथी येऊ नये. प्राण्यांच्या प्रयोगाला समितीची मंजुरी ठरावीक संख्येची असते. चुकला म्हणून आणखी चोवीस द्या, असं कुणाला सांगणार?

बाटली खरंच दोषी असते तेव्हा

असतेही, पण तिचा दोष वेगळा दिसतो. सगळ्याच पट्ट्या सारख्या उतरतात, 70 आणि 60 दोन्ही, आणि पॉन्सो मात्र उत्तम असतो.

आमच्याकडे एकदा हे झालं होतं. पार्सल शनिवारी जळगावला पोचलं आणि सोमवारपर्यंत कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं. जेलचे पॅक हाताला कोमट लागत होते. आश्चर्य म्हणजे ती बाटली चालली. अँटीबॉडी एक-दोन दिवसांच्या गरमीनं सहसा मरत नाही. ती मरते पुन्हा पुन्हा गोठून आणि वितळून. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा वरचा कप्पा बर्फ साचू नये म्हणून स्वतःच अधूनमधून तापतो, त्यात लोडशेडिंगची भर. ग्लिसरॉल नसलेली अँटीबॉडी तिथे ठेवली तर महिनाभरात वीस वेळा गोठवल्यासारखं होतं. आल्या दिवशी पाच-पाच मायक्रोलिटरचे भाग करा. निम्मं ग्लिसरॉल असलेली असेल तर उणे 20 ला ती गोठतच नाही, तिची एवढी चिंता नको.

शंका असेल तर नायट्रोसेल्युलोजच्या तुकड्यावर पातळ केलेल्या प्रायमरीचा एक थेंब सुकवा, ब्लॉक करा, सेकंडरी आणि ईसीएल. ठिपका चमकला तर सेकंडरी आणि ईसीएल शाबूत आहेत एवढं कळतं. प्रायमरी बेस-वन पकडते की नाही हे यातून कळत नाही. ठिपकाच चमकला नाही तर सेकंडरीच्या बफरमध्ये कुणी सोडियम अझाइड तर टाकलं नाही ना, ते आधी विचारा. टिकावं म्हणून आमच्या एका मुलानं टाकलं होतं. अझाइड एचआरपीला बंद पाडतं.

त्या विद्यार्थिनीकडे प्रत्येक मेंदूचा दुसरा अर्धा भाग उणे 20 ला शिल्लक होता. सशाच्या अँटीबॉडीनं, दिवसा, बर्फाच्या लादीत टाकी पुरून आम्ही चोवीसही नमुने पुन्हा चालवले. 70 ची पट्टी सगळ्या लेनमध्ये आली. चारही गटांत फरक नाही. तिनं ते प्रकरण तसंच लिहिलं, जुनी 50 ची फिल्मही शेजारी लावली आणि खाली सेकंडरी-ओन्ली लेनचा फोटो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर प्रश्न विचारले.

आता आमच्या ब्लॉटवर 60 च्या जरा वर एक फिकट रेघ उरली आहे. एंडो-एच (कच्च्या प्रथिनावरचीच साखर कापणारं एन्झाइम) लावलं की ती खाली सरकते, 70 ची जागची हलत नाही. म्हणजे ती कच्च्या बेस-वनची असावी. सेकंडरी-ओन्ली लेनमध्ये ती येत नाही, हे मात्र या वेळी पहिल्याच दिवशी बघून घेतलं.